फिरोजशहा बहमनी : गणित शिकविणारा सुलतान

विज्ञान शाखेचे आणि कला शाखेचे विद्यार्थी एकत्र जमले की काही प्रश्न हटकून निघतात. गणिताचा रोजच्या जीवनात उपयोग काय? भूमितीतील सिद्धता पाठ करावी की समजून घ्यावी? मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकलेल्या मुलाला विज्ञान झेपते का? चहाचे पेले रिकामे होईपर्यंत हे वाद रंगतात आणि तासाची घंटा झाली की जिथल्या तिथे राहतात. या वादांत एक वाक्य कोणीतरी बोलतोच, की विज्ञान हे पुण्या-बंगळुराकडचे, फार तर हैदराबादचे. आपल्या या मागासलेल्या सीमाभागाचा आणि त्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो जुना आहे. कलबुर्गीपासून चाळीसेक किलोमीटरवर कागिणा नदीच्या काठी मळखेड आहे. ते राष्ट्रकूटांचे मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह रचला आणि त्यात या राजाची स्तुती केली. पण महावीराचार्यांच्या चरित्राविषयी फारसे काही हाती लागत नाही. ज्याचे चरित्र बऱ्यापैकी हाती लागते आणि जो स्वतः आठवड्यातून तीन दिवस भूमिती आणि खगोल शिकवीत असे, तो पुरुष त्याच्यानंतर साडेपाचशे वर्षांनी याच भागात होऊन गेला. तो पंडित म्हणून जन्मला नव्हता. तो राज्यकर्ता होता. त्याचे नाव ताजुद्दीन फिरोजशहा बहमनी. १३९७ पासून १४२२ पर्यंत पंचवीस वर्षे त्याने गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, दख्खनवर राज्य केले. दिल्लीचा फिरोजशहा तुघलक वेगळा. तो याच्या राज्यारोहणापूर्वीच, १३८८ मध्ये, वारला होता. परीक्षेत या दोघांची गल्लत फार होते म्हणून मुद्दाम सांगितले.

शालेय पुस्तकांत फिरोजशहाला दोन-चार ओळी मिळतात. विजयनगरशी लढाया, मुदगलच्या सोनाराच्या मुलीवरून झालेले युद्ध, देवरायाच्या कन्येशी विवाह, संपले. ही माहिती खोटी नाही. पण ती वाचून माणूस कळत नाही.

त्याच्याविषयी जे कळते ते मुख्यतः फिरिश्ता या इतिहासकारामुळे. फिरिश्त्याने आपला ग्रंथ विजापुरात, सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिला, म्हणजे फिरोजशहानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. त्याच्यापुढे जुने ग्रंथ होते. त्यांपैकी मुल्ला दाऊद बिदरी याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. तेव्हा फिरिश्त्याचे आकडे थोडे चाळूनच घ्यावे लागतात. राजाच्या शौर्याचे व अंतःपुराचे आकडे लिहिताना त्याची लेखणी सैल सुटते. परंतु कोणत्या वारी कोणता ग्रंथ शिकविला जाई, असला तपशील कोणी उगीच रचून सांगेल असे वाटत नाही.

फिरोज हा बहमनी राज्याच्या संस्थापकाचा, अलाउद्दीन हसनचा नातू. १३४७ मध्ये हे राज्य उभे राहिले आणि पुढची पन्नास वर्षे बहुधा युद्धात किंवा घरच्या कलहात गेली. अपवाद महंमदशहा दुसरा याचा. १३७८ ते १३९७ अशी एकोणीस वर्षे त्याने शांततेत घालविली. दुष्काळ पडला तेव्हा त्याने गुजरात व माळव्यातून बैलांच्या तांड्यांवर धान्य आणविले आणि अनाथ मुलांसाठी गुलबर्गा, बिदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ अशा ठिकाणी शाळा काढल्या. आपल्या बिदरचे आणि पलीकडच्या कंधारचे नाव या यादीत पाहून आपल्याला आनंद व्हावा. इराणचा महाकवी हाफिज याला दख्खनला आणण्याचा त्याचा बेत होता. कवी होर्मुझपर्यंत आलाही, पण वादळाने त्याला समुद्राची धास्ती बसली आणि तो माघारी गेला.

हाफिजला वाटखर्च पाठविणारा गृहस्थ म्हणजे मीर फजलुल्ला इंजू. हा शिराझकडचा विद्वान महंमदशहाच्या दरबारी होता आणि फिरोज व त्याचा भाऊ अहमद यांचे शिक्षण त्याच्या हाताखाली झाले. मीर फजलुल्ला स्वतः सादुद्दीन तफ्ताझानी या त्या काळच्या सर्वमान्य पंडिताचा शिष्य. समरकंद-खुरासानकडची ही परंपरा एका माणसाबरोबर भीमेच्या खोऱ्यात उतरली. गुरूचा गुरू कोण, याला आपल्याकडे जे महत्त्व आहे तेच तिकडेही होते. पुढे फिरोज स्वतः शिकवू लागला तेव्हा त्याने निवडलेल्या ग्रंथांत धर्मतत्त्वावरचा शरह-ए-मकासिद आणि अलंकारशास्त्रावरचा मुतव्वल हे दोन्ही ग्रंथ तफ्ताझानीचेच होते.

१३९७ हे वर्ष मोठे वाईट गेले. एका वर्षात गुलबर्ग्याच्या गादीवर चार सुलतान बसले. महंमदशहा वारला. त्याचा कोवळा मुलगा गियासुद्दीन याला तघलचीन नावाच्या तुर्की गुलामाने आंधळे केले आणि धाकट्या शमसुद्दीनला गादीवर बसविले. फिरोज व अहमद यांना पळ काढावा लागला. त्यांनी सगरचा आश्रय घेतला (हे सगर आज यादगीर जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहे) आणि संधी साधून परत येऊन सत्ता घेतली. शमसुद्दीनचेही डोळे काढण्यात आले. भूमितीचा हा शिक्षक अशा वाटेने गादीवर चढला, हे लपविण्यात अर्थ नाही.

गादीवर आल्यावर त्याने मीर फजलुल्लाला वजीर केले आणि अहमदला खानखानान ही पदवी दिली. विद्वान माणसे गोळा करण्याचा त्याला नाद होता. गोवा व चौल या बंदरांतून दरवर्षी त्याची जहाजे परदेशी जात. त्यांतून माल येई, तशी माणसेही यावीत अशी त्याची आज्ञा असे, कारण निरनिराळ्या देशांचे शहाणे लोक हीच त्याच्या मते राजाची खरी संपत्ती होती. त्याचे भाषांचे ज्ञान अफाट होते. अंतःपुरात अरबी, तुर्की, रशियन, अफगाण, राजपूत, बंगाली, गुजराती, तेलंगी आणि महाराष्ट्री स्त्रिया होत्या आणि प्रत्येकीशी तो तिच्या भाषेत बोले, असे सांगतात. म्हणजे हा सुलतान मराठी बोलत असे. यहुद्यांचे व ख्रिस्त्यांचे धर्मग्रंथही त्याने वाचले होते. तो कविता करी, उत्तम अक्षरात कुराणाच्या प्रती लिही. मद्य आणि संगीत हे आपले दोन दोष तो स्वतःच कबूल करीत असे.

अंतःपुर मोठे कसे झाले याचीही एक हकीकत आहे. इतक्या स्त्रियांशी विवाह शास्त्राला धरून कसा होईल, असा प्रश्न त्याने पंडितांपुढे टाकला आणि मीर फजलुल्लाने शिया मताचा आधार काढून त्याची सोय करून दिली. विद्वत्तेचा हाही एक उपयोग दरबारात होत असतो!

आता त्याच्या अध्यापनाकडे वळू. शनिवार, सोमवार आणि बुधवार हे त्याचे शिकविण्याचे दिवस. दिवसा राजकाजातून सवड झाली नाही तर रात्री पाठ होई, पण चुकत नसे. वर सांगितलेल्या तफ्ताझानीच्या दोन ग्रंथांखेरीज गणिताच्या बाजूने दोन ग्रंथ होते. एक तहरीर-ए-उक्लिदिस, म्हणजे युक्लिडच्या भूमितीची अरबी आवृत्ती. दुसरा शरह-ए-तज़किरा, म्हणजे तज़किरा या खगोलग्रंथावरची टीका. हे दोन्ही मूळ ग्रंथ नसीरुद्दीन तूसी याचे. १२५९ मध्ये इराणात मराघा येथे वेधशाळा उभारली गेली, तिचा हा प्रमुख.

आपल्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे, कारण हे ग्रंथ केवळ नावे म्हणून लक्षात ठेवण्यासारखे नाहीत. युक्लिडच्या पहिल्याच भागातले पाचवे प्रमेय आपण आठवी-नववीत शिकतो: समद्विभुज त्रिकोणाच्या पायाजवळचे कोन समान असतात. आकृती पाहिली की ते उघड दिसते आणि म्हणूनच मुले विचारतात की हे सिद्ध कशाला करायचे? युक्लिडची सिद्धता बऱ्यापैकी अडचणीची आहे. जुन्या काळी अनेक विद्यार्थी तिच्यापाशीच अडकत आणि भूमिती सोडून देत. तिच्यातली गंमत अशी, की ती सांगणारा सुलतान असो वा भिस्ती, पायऱ्या तितक्याच आणि त्याच. सुलतानाने फर्मान काढले म्हणून कोन समान होत नाहीत आणि शिष्याने शंका काढली तर तिला उत्तर द्यावेच लागते. ज्या दरबारात राजाच्या तोंडून निघालेला शब्द कायदा ठरे, तेथे आठवड्यातून तीन दिवस राजाच एका अशा विषयापुढे बसे, ज्यात त्याचा शब्द चालत नव्हता.

तज़किरेतील एक रचना तर पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांवर घरी करून पाहता येते. एक मोठे वर्तुळ काढा. त्याच्या आत, बरोबर निम्म्या व्यासाचे एक लहान वर्तुळ आतून चिकटवून, न घसरता फिरवा. लहान वर्तुळाच्या कडेवर शाईचा एक ठिपका असेल, तर तो ठिपका कसा जाईल? वाटते की वेडावाकडा जाईल. पण तो मोठ्या वर्तुळाच्या व्यासावरून सरळ रेषेत पुढे-मागे जातो. दोन गोल गतींतून सरळ गती निघते. आकाशातील सर्व गती वर्तुळाकार व एकसारख्या असल्या पाहिजेत, अशी जुन्यांची श्रद्धा होती आणि टॉलेमीच्या पद्धतीत ती श्रद्धा काही ठिकाणी मोडत होती. ती अडचण काढण्यासाठी तूसीने ही युक्ती बसविली. १५४३ मध्ये छापलेल्या कोपर्निकसच्या ग्रंथात हीच युक्ती पुन्हा दिसते. ती त्याच्यापर्यंत कशी पोहोचली याविषयी विद्वानांत आजही वाद आहे. पोलंडमध्ये ती पोहोचण्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी गुलबर्ग्यात तूसीच्या या ग्रंथावरची टीका शिकविली जात होती, एवढे आपल्यापुरते पुरे.

तूसीचा तो युक्लिड पुढे कोठे गेला तेही सांगतो. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राट या पंडिताने त्याचेच संस्कृत भाषांतर केले आणि त्याला रेखागणित असे नाव दिले. म्हणजे जे पुस्तक फिरोजशहाच्या हाती होते, ते संस्कृत पंडितांच्या हाती यायला आणखी तीनशे वर्षे लागली. मधल्या काळात गुलबर्ग्यातील एखाद्या मराठी वा कानडी जोशाने ते कानावरून तरी घातले असेल काय? सुलतानाच्या कारभारात ब्राह्मण कामदार पुष्कळ होते. दोन्ही बाजूंचे जाणकार एका गावात राहत होते. पण तशी नोंद मिळत नाही आणि ही चुटपुट मनाला लागून राहते.

दिवसाच्या पाठापेक्षाही त्याच्या रात्रीच्या बैठकी अधिक नवलाच्या. विद्वान, कवी, कथेकरी, हजरजबाबी माणसे रात्री जमत. तेथे दरबारी रिवाज नसे. दिवसा सिंहासनावर बसून राज्य करताना तो राजा, पण या बैठकीत आपल्याला साध्या माणसासारखे वागवावे, अशी त्याची इच्छा असे. कोणी केव्हाही यावे, केव्हाही उठून जावे, हवे ते खावे-प्यावे, मनात येईल ते विचारावे. फक्त दोन विषयांना बंदी होती. एक, राज्यकारभाराच्या गोष्टी; त्या दरबारात बोलायच्या. दुसरा, जो हजर नाही त्याची निंदा. हा दुसरा नियम आपल्या कट्ट्यांवर आणि शिक्षकांच्या खोलीत लागू केला तर बहुतेक बैठकी पाच मिनिटांत आटोपतील!

राजाने मोकळे बोला म्हटले म्हणून कोणी खरोखर मोकळे बोलते का? ही शंका त्या बैठकीतही निघाली. मुल्ला इसहाक सरहिंदी नावाचा एक तिखट जिभेचा विद्वान होता. सुलतानाचे हे म्हणणे आपल्याला अल्-बिरूनीच्या गोष्टीच्या उलट वाटते, असे तो म्हणाला. सुलतानाने गोष्ट विचारली. ती अशी सांगतात. गझनीच्या महमूदाने बिरूनीला विचारले, या महालाला चार दारे आहेत, मी कोणत्या दाराने बाहेर पडेन ते तुझ्या शास्त्राने लिहून ठेव. बिरूनीने लिहिले. महमूदाने मग भिंत फोडून पाचवे दार काढविले आणि त्यातून तो बाहेर पडला. कागद उघडला तर त्यात पाचव्या दाराचाच उल्लेख! महमूद खूश होण्याऐवजी संतापला. बिरूनीला छतावरून खाली ढकलण्यात आले. तो वाचला, पण पुढे सहा महिने तुरुंगात पडला. राजांना आपल्या मनाजोगे उत्तर देणारा शहाणा हवा असतो, बरोबर उत्तर देणारा नको असतो, हा त्यातला मथितार्थ. (बिरूनी हा खरा मोठा शास्त्रज्ञ. त्याने असले भाकीत केले असेल असे मानण्याचे कारण नाही. दंतकथा ज्योतिषाच्या अंगाने वाढतात.) फिरोजशहा हसला आणि न्यायबुद्धी नसलेल्या राजाकडूनच असे घडते, आपल्याकडून तसे होणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलला. मुल्ला इसहाकच्या केसालाही धक्का लागला नाही. एवढ्यापुरता सुलतान शब्दाला जागला.

गावाची गर्दी त्याला मानवत नसावी. कलबुर्गीच्या दक्षिणेस सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवर भीमेच्या काठी त्याने १४०० च्या सुमारास फिरोजाबाद नावाचे नवे नगर वसविले. तट, मशीद, महाल, हमामखाने यांचे अवशेष तेथे अजून उभे आहेत. मधल्या मोकळ्या जागेत शेती होते.

१४०६ मध्ये विजयनगरच्या पहिल्या देवरायाशी मुदगलवरून युद्ध झाले. त्यात फिरोजशहाचा वरचष्मा राहिला. तहात बंकापूर मिळाले आणि देवरायाची कन्या मिळाली. लगेच पुढच्या वर्षी, १४०७ मध्ये, त्याने दौलताबादेजवळच्या घाटमाथ्यावर वेधशाळा बांधण्याचा हुकूम दिला. हकीम हसन गिलानी आणि सय्यद महमूद गाजरूनी या दोघा जाणत्यांवर ते काम सोपविण्यात आले.

वेधशाळा म्हणजे केवळ उंच इमारत नव्हे. तेथे पक्क्या बांधणीची मोठी यंत्रे असतात. माध्यान्हीच्या सूर्याची उंची वर्षभर मोजून स्थळाचे अक्षांश आणि अयनांचे दिवस ठरवितात. ग्रह रोज कोठे दिसतो ते टिपून ठेवतात आणि अशा टिपणांवरून कोष्टके तयार होतात, ज्यांवर पंचांग चालते. हे काम चिकाटीचे आहे. शनीला आकाशाची एक फेरी पुरी करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. एकट्या शनीचे वेध पुरे घ्यायचे तरी तीस वर्षे तीच यंत्रे, तीच शिस्त आणि एकामागून एक तयार होणारी माणसे हवीत. फिरोजशहाची सबंध कारकीर्द पंचवीस वर्षांची.

घाटमाथ्यावर काम सुरू झाले. मग हकीम हसन गिलानी वारला आणि काम थांबले. ते पुन्हा सुरू झाले नाही.

एक माणूस गेला आणि वेधशाळा गेली, हे वाचून कोणालाही हळहळ वाटेल. पण माझ्या मते दोष हकीम हसनच्या मरणाचा नाही. त्याच्या हाताखाली दुसरा तयार होत नव्हता, आणि असे काम राजाच्या मर्जीवर आणि एका परदेशी विद्वानाच्या आयुष्यावर उभे होते, हा खरा दोष. याच डोंगररांगेच्या पलीकडे, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, फिरोजशहाच्या आधी दोनशे वर्षे निराळा प्रयोग झाला होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोईदेवाने त्याला जमीन दिली. १२०७ च्या सुमाराचा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात गावच्या बाजारातून, धान्यातून, तेलाच्या घाण्यातून मठाला काय काय मिळावे ते लिहिले आहे. सिद्धान्तशिरोमणीच्या अभ्यासाला तेल्याच्या घाण्यातले तेल! तो मठही पुढे टिकला नाही, हे खरे. परंतु त्याचा भार एका माणसावर नव्हता.

बहमनी राज्यात असे टिकाऊ काही उभे राहिले ते फिरोजशहानंतर पन्नास वर्षांनी, बिदरला. महमूद गवान हा व्यापारी १४५३ मध्ये दाभोळला उतरून बिदरला आला, वजीर झाला आणि १४७२ मध्ये त्याने आपला मदरसा पुरा केला. विद्यार्थ्यांच्या खोल्या, शिक्षकांची सोय आणि तीन हजार ग्रंथ. १४८१ मध्ये गवानला खोट्या आरोपावरून ठार मारण्यात आले, तरी मदरसा चालू राहिला. १६९६ च्या स्फोटात त्याचा मोठा भाग कोसळला. उरलेला बिदरकर रोज पाहतात.

आणि निव्वळ वेधशाळांचेच पाहायचे तर समरकंदला उलुघ बेगची वेधशाळा फिरोजशहाच्या हुकुमानंतर दहा-पंधरा वर्षांनी उभी राहिली. तेथे हजारावर ताऱ्यांची यादी तयार झाली. तीही १४४९ मध्ये उलुघ बेगचा खून झाल्यावर ओस पडली. त्याच्या खुनामागे त्याचा मुलगाच होता.

गुलबर्ग्यात आणखी एक वाद याच सुमारास उभा राहिला. ख्वाजा बंदानवाज गेसूदराज १४०० च्या आसपास दिल्लीहून दख्खनला आले तेव्हा ऐंशीच्या घरात होते. फिरोजशहाने त्यांचे आदराने स्वागत केले. पण तर्क, तत्त्वज्ञान अशा बाह्य शास्त्रांत त्यांची गती त्याला हवी तशी वाटली नाही आणि त्याचे मन उतरले, असे फिरिश्ता लिहितो. हे जसेच्या तसे मानू नये. ख्वाजासाहेबांनी अनेक ग्रंथ लिहिले आहेत आणि ते शिष्यांना नेमाने शिकवीत. एकाला सिद्धता हवी होती, दुसऱ्याची वाट अनुभवाची होती. हा वाद दोघांच्या पुरता राहिला असता तर रात्रीच्या बैठकीत शोभला असता. पण तो गादीच्या वाटेवर गेला. सुलतानाला आपला मुलगा हसन वारस म्हणून हवा होता. ख्वाजासाहेबांचा आशीर्वाद भावाला, अहमदला होता. खानकाह किल्ल्यापासून दूर हलविण्यास त्यांना सांगण्यात आले. गावातील लोकांचा ओढा कोणाकडे होता ते सांगायला नको.

१४१७ च्या सुमारास फिरोजशहाने तेलंगणातील पानगलला वेढा घातला. सुमारे दोन वर्षे तो चालला. छावणीत रोगराई पसरली, माणसे व घोडी मेली, आणि मग देवराया चालून आला. या लढाईत मीर फजलुल्ला इंजू मारला गेला आणि सुलतान कसाबसा परतला. पानगल सोडावे, असे त्या दोन वर्षांत त्याला कोणी सांगितले असेल काय? दरबारात सांगण्याची छाती कोणाला नव्हती. रात्रीच्या बैठकीत सांगण्याजोगी माणसे होती, पण तेथे राज्यकारभाराच्या विषयाला बंदी होती. ग्रहांच्या गतीविषयी त्याला कोणीही खोडून काढू शकत होता, वेढ्याविषयी कोणी नाही. मला या चरित्रातली सर्वांत मोठी त्रुटी हीच वाटते. बंदीचा तो पहिला नियम विद्वानांच्या सुरक्षिततेसाठी असेल. त्याची किंमत मात्र त्यानेच मोजली.

त्यानंतर तो खचला. कारभार होशियार आणि बिदर या दोन गुलामांच्या हाती गेला. त्यांच्या सांगण्यावरून त्याने अहमदचे डोळे काढण्याचा बेत केला, म्हणजे १३९७ चाच खेळ पुन्हा. अहमदला सुगावा लागला आणि तो निसटला. खलफ हसन नावाचा बसऱ्याचा घोडेव्यापारी त्याच्याबरोबर होता. बंजाऱ्यांचे दोन हजार बैल मिळवून, त्यांच्यावर निशाणे लावून त्याने दुरून घोडदळाचा भास निर्माण केला आणि शाही फौज उधळली, अशी हकीकत आहे. अहमद गुलबर्ग्याच्या वेशीशी आला तेव्हा आजारी फिरोजशहाने दरवाजे उघडविले आणि गादी भावाच्या स्वाधीन केली. हे सप्टेंबर १४२२ मधले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो वारला. मरण नैसर्गिक नव्हते अशी कुजबुज तेव्हाही होती.

अहमदशहाने पुढे राजधानी बिदरला नेली आणि गुलबर्गा मागे पडले. फिरोजशहाची कबर कलबुर्गीच्या हफ्त गुंबजमध्ये आहे. तिथल्या इमारतींत तीच सर्वांत मोठी. दोन दालने, दोन घुमट, आणि छज्जांखाली आपल्याकडच्या देवळांत असतात तशा नक्षीच्या तोड्या. ख्वाजा बंदानवाज त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १४२२ रोजी निवर्तले. त्यांचा दर्गा तेथून पायी जाण्याइतका जवळ आहे. उरुसाला तेथे सर्व धर्मांच्या लोकांची रीघ लागते. हफ्त गुंबजकडे त्या गर्दीतले थोडेच वळतात.